पायाळूची टाच

त्या हिवाळ्यात सुरतेला उधन्याच्या खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते. आत्याबाई, म्हणजे माझी सासू. आमचे हे. माझा धाकटा दीर भिकन. त्याची बायको वच्छला, लग्नाला दोन वर्षं झालेली. माझी छबी, चार वर्षांची. आणि मी. भिंतीपलीकडं मणिबेन राहायची, सुरतचीच, पण तिचं अर्धं आयुष्य आमच्याच उंबऱ्यावर गेलं म्हणून तिलाही धरते. एवढेच. त्यातली आता मी उरले आणि छबी उरली. छबीला काही आठवत नाही. मग आठवणारी मी एकटीच.

परवा भेस्तानच्या नाक्यावर पोंकाच्या गाड्या लागल्या. थंडी पडली की लागतात दरवर्षी. ज्वारीची कोवळी कणसं गरम राखेत भाजायची, कापडात बांधून काठीनं झोडायची, की हिरवेगार दाणे वेगळे होतात. आमच्या खानदेशात त्यालाच हुरडा म्हणतात. तिकडं शेताच्या बांधावर बसून खातात, इथं कागदात शेव घालून, लिंबू पिळून. नात म्हणाली, "आजी, तुझ्यासाठी आणू?" मी म्हटलं, तुम्ही खा. घरात सगळ्यांना वाटतं म्हातारीचे दात गेले. दात आहेत अजून. चांगले आहेत.

साल मला सांगता यायचं नाही. मी चौथी शिकलेली, अक्षर ओळखते, साल लक्षात राहत नाही. तापीला मोठा पूर येऊन गेला, त्यानंतरचा दुसरा हिवाळा असेल. पुराचा चिखल भिंतीवर कुठपर्यंत आला होता ती रेघ अजून दिसायची.

तेव्हा आम्ही दोघी जावा खात्यात जायचो. खातं म्हणजे मागांचा कारखाना. पुरुष माणसं मागावर, आम्ही बायका बॉबिन भरायला. सूत संपलं की गाठ मारायची, बॉबिन भरली की काढायची, रिकामी लावायची. बसायला जागा नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं. आणि चपला दाराबाहेर काढायच्या, धाग्याला धूळ लागू नये म्हणून. आमच्या बायका तर आत जाताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायच्या, देवळात जावं तसं. पोट देणारी जागा, तिथं पायात चामडं घालून कोण जाईल? खाली सिमेंटची कोबा केलेली जमीन. हिवाळ्यात ती अशी गार की पहिली घटकाभर पाय आपले नाहीतच असं वाटायचं. शंभर माग एकदम धडधडले की तो धक्का कानात नाही, टाचेतून वर यायचा. गुडघ्यात, कंबरेत, दाढेत. घरी येऊन आडवं पडलं तरी अंगात माग चालूच.

घरी आलं की परत फरशी. निजायला फरशी, स्वैपाकाला फरशी, भांडी घासायला मोरीतला दगड. माती पायाखाली नव्हतीच. हे मला आता कळतं. तेव्हा वाटायचं, पक्कं घर मिळालं, नशीब.

वच्छला पायाळू होती. जन्मताना जिचे पाय आधी येतात ती पायाळू. आमच्यात अशा माणसाला मान असतो. कंबरेत उसण भरली की पायाळूनं पाय लावायचा, उसण जाते. काहींना भीती पण वाटते, पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून मुलगी द्यायला-करायला मागंपुढं बघतात. आत्याबाईंनी नाही बघितलं. त्या म्हणाल्या, "मन्हा घरमा औषध येस ते काय वाईट?"

आणि खरंच घरात औषध आल्यासारखं झालं. मागाचा बीम, म्हणजे सुतानं भरलेला जड रूळ, उचलायचा म्हणजे दोन पुरुषांचं काम, त्यात रोज कुणाची तरी कंबर धरायची. उसण घालवायची ती अनशापोटी, तोंडात पाणी न घेता. त्यामुळं उजाडलं की कुणीतरी कण्हत आमच्या ओट्यावर पालथा पडलेला असायचा. "वहिनी, उठली का? पाय लाव ना बाई." वच्छला अंथरुणातून उठायची ती सरळ ओट्यावर. भिंतीला हात लावून डाव्या पायावर उभी राहायची आणि उजवा पाय त्या माणसाच्या कंबरेवर तीन वेळा टेकवायची. तोंड अगदी वेडंवाकडं करायची. डोळे मिटायची, ओठ दाताखाली धरायची.

ते बघून लोक म्हणायचे, "पाहिलं? ह्याची उसण तिच्या अंगात ओढली जाते. तोंडावर दिसतं." आणि पुढच्या दिवशी आणखी दोघं यायचे.

ते तोंड कशानं वाकडं होत होतं, ते मला बरंच आधी माहीत होतं. त्या खोलीत आम्ही ओळीनं निजायचो आणि मी सगळ्यात आधी उठून स्टोव्ह पेटवायचे. मला दिसायचं. वच्छला उठून बसायची, जरा वेळ पायाकडं बघत राहायची, जसं कुणी विहिरीत उतरायच्या आधी पाण्याकडं बघतं. मग डाव्या पायाची नुसती बोटं टेकवायची. भिंत धरायची. एक पाऊल, दोन पावलं, तीन, अशी तापल्या वाळूवरून चालल्यासारखी. दारापर्यंत गेली की पाय पुरा टेकायची. नळावर जाईपर्यंत सरळ.

एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली, "आक्का, टाचेत खिळा ठोकलाय असं वाटतं. चार पावलं टाकली की निघतो. जेवायला बसून उठलं की परत आत."

मी तिचा पाय बघितला. सूज नाही. काटा नाही. फोड नाही, कुरूप नाही, टाचेला भेगा होत्या त्या आमच्या सगळ्यांच्याच होत्या. मी म्हटलं, "काही तर दिसत नाही."

"दिसत नाही ना," ती म्हणाली. "मलापण दिसत नाही."

रुईचं पान आणलं. तेल लावलं, तापलेल्या विटेवर ठेवलं, तिनं वर टाच दाबून धरली. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी पहिलं पाऊल, तेच. मग ती बोलायची बंद झाली. आमच्यात दुखणं दोनदा सांगितलं की बस. तिसऱ्यांदा सांगणारी कामचुकार.

मणिबेन मोठी हजरजबाबी. सकाळी ओट्यावर दात घासत बसायची, संध्याकाळी भाजी निवडत. दोन्ही वेळेला वच्छला तिच्यासमोरून जायची. एक दिवस मोठ्यानं म्हणाली, "आ तमारी वहू तो सवारे डोशी ने सांजे छोकरी!" सकाळी म्हातारी आणि संध्याकाळी पोरगी. सगळी चाळ हसली. वच्छलापण हसली. हसली म्हणून सगळ्यांना वाटलं, बघा, लागलं नाही तिला.

पण आत्याबाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या तिचा पाय मोजायला लागल्या. पाणी भरायचं असतं तेव्हा लंगडते. जेवणावरून उठून भांडी उचलायची तेव्हा लंगडते. बाजारात जाताना नाही लंगडत, मणिबेनच्या दारात उभी असते तेव्हा नाही लंगडत. "पाय पण हुशार शे हिना," म्हणायच्या. आणि वरून, पायाळूची टाच कशी दुखेल? ज्या पायानं दुनियेची कंबर बरी होते तो पाय स्वतःच आजारी? लोकांना कळलं तर काय म्हणतील? आत्याबाईंना दोन्ही बाजूंनी ते खोटंच वाटत होतं.

आता छबीचं सांगते. त्या पौषात तिला ताप आला होता, चार दिवस काही खाल्लं नव्हतं. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि पोरीनं हट्ट धरला, पोंक पाहिजे. सुट्टीचा दिवस होता. मी धुण्याला बसले होते. वच्छला म्हणाली, मी आणते. मी ओट्यावरून बघितलं. ती निघाली, अशी झपझप, पदर खोचून, वळणावर दिसेनाशी झाली. तासाभरानं आली. घामाघूम, थंडीत. पोंक, शेव, अर्धं लिंबू. छबीनं तिच्या मांडीवर बसून खाल्लं. मीपण मूठभर खाल्लं.

आत्याबाईंनी मला विचारलं. सगळ्यांसमोर, भिकनसमोर. "तू पाहनी ना, कशी गई? लंगडत गई का धावत?"

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "चांगली चालत गेली. भरभर."

माझ्या तोंडात तिनं आणलेला पोंक होता.

मी खोटं बोलले नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं. पण मला सकाळचंही माहीत होतं. भिंत धरणारी ती मला रोज दिसत होती. त्यातलं एकच सांगितलं, जे विचारलं तेवढंच. विचारलं तेवढंच सांगायचं अशी सवय होती आम्हाला.

आत्याबाई म्हणाल्या, "खरं दुखत व्हई ते डाग सोसी. नाटक व्हई ते पळी."

डाग म्हणजे हळकुंड विस्तवात लाल करून दुखऱ्या जागेवर टेकवायचं. तो छळ नव्हता हो. ते औषधच होतं आमच्यात. आत्याबाईंच्या स्वतःच्या पोटावर लहानपणचे पाच डाग होते. आमच्या ह्यांच्या पोटावर दोन, भिकनच्या पण. पोर जगावं म्हणून आईच द्यायची. पण त्या दिवशी ते औषध म्हणून काढलं नव्हतं. खरं-खोटं करायला काढलं होतं.

मला वाटलं ती रडेल. भिकन काही बोलेल. भिकन दाराकडं तोंड करून बसला. वच्छला एकदा त्याच्या पाठीकडं बघून म्हणाली, "द्या."

मग माझ्याकडं वळली. "आक्का, तू पाय धर. मी आपसूक ओढला तर म्हणतील पळाली."

मी धरला. दोन्ही हातांनी घोटा धरला. आत्याबाईंनी लाल हळकुंड टेकवलं. टाचेची कातडी जाड असते. आधी काही झालंच नाही, नुसता हळदीचा वास आला, लग्नघरात येतो तसा. मग तिच्या पायाची बोटं अशी पसरली. पाय तिनं ओढला नाही. माझ्या हातात तो थरथरत होता, पण ओढला नाही.

आत्याबाई उठल्या, शेगडीत पाणी टाकलं आणि म्हणाल्या, "खरं बोलस पोर." त्यांचे डोळे भरले होते. त्यांना वाटलं, झालं आता, खरं ठरलं आणि औषधपण झालं.

तिसऱ्या दिवशी ती खात्यात गेली. चपला बाहेर. जखमेवर फडकं होतं, त्यात तेल आणि सुताची लव भरली. आठ दिवसांत पाय पोटरीपर्यंत सुजला. आता दिसत होतं हो सगळ्यांना. मणिबेन हळद-तूप घेऊन आली आणि आमच्या घरावर खूप बोलली, गुजरातीत, हिंदीत, जे येईल त्यात. मुकादमानं वच्छलेला सांगितलं, घरी बस. लोक उसण घेऊन यायचे बंद झाले. म्हणाले, पायाळूच्या पायाला डाग दिला, आता त्यात काय राहिलं?

भिकन तिला भुसावळकडच्या गाडीनं माहेरी सोडून आला, नंदुरबारकडच्या खेड्यात, भावाकडं. पाय बरा झाला की आणू, असं ठरलं. छबी आठ दिवस काकी काकी करत होती. मग विसरली.

दीड-दोन महिन्यांनी तिच्या भावाचं कार्ड आलं. घरात वाचता मलाच यायचं. सगळे बसले होते. मी मोठ्यानं वाचलं. "ताईची जखम भरली आहे. पाहुण्यांनी येऊन घेऊन जावे. पाय बरा आहे, सकाळी उठल्यावर तेवढा दुखतो, मग थांबतो."

आत्याबाईंचा चेहरा पडला. म्हणाल्या, "मंग डागनी काही उपेग नही व्हयना. ते नाटकच व्हतं." आणि भिकनकडं बघून, "पाहू."

ते एक वाक्य मी गाळलं असतं तर? कार्ड माझ्या हातात होतं. कुणाला कळलं असतं? मी चौथी शिकले ती नेमकी ते वाक्य वाचायला. आणखी एक कार्ड आलं, त्यालाही "पाहू." तिसरं आलं नाही. उन्हाळ्यात भिकनचं दुसरं लग्न झालं. ती पोरगी चांगली होती, तिला काही बोलणं नाही. तिलासुद्धा आम्ही त्याच खात्यात नेलं, त्याच जमिनीवर उभं केलं.

असे कितीतरी हिवाळे गेले. आत्याबाई गेल्या. मी पस्तिशी ओलांडली. अंग जड झालं होतं, खात्यातलं उभं राहणं तेवढंच होतं. एका सकाळी स्टोव्ह पेटवायला उठले आणि उजवा पाय टेकला, तोच खालून कुणी खिळा मारला. मी परत अंथरुणावर बसले. वाटलं काचबिच लागली. दिवा जवळ आणून पाय बघितला. सूज नाही, काटा नाही. परत उठले, बोटांवर. भिंत धरली. एक पाऊल, दोन पावलं, तीन. दारापर्यंत गेले तर दुखायचं थांबलं.

मी दारातच उभी राहिले. आमचे हे म्हणाले, "काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही."

दुसरं काय सांगणार होते? टाच दुखते म्हटल्यावर काय होतं ते मी बघितलं होतं.

त्याच वर्षी नात्यातलं एक लग्न नंदुरबारकडं निघालं. वच्छलेचं गाव तिथून जवळ. मी कुणाला न सांगता गेले. तिच्या भावाचं घर, मातीचं, सारवलेलं. ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती. केस पांढरे व्हायला लागलेले. "आक्का!" म्हणाली. बस म्हणाली. पाणी दिलं, चहा केला. छबी केवढी झाली, मणिबेन आहे का, तिचं तोंड तसंच चालतं का, सगळं विचारलं. भिकनचं नाही विचारलं. मीपण नाही सांगितलं.

जायची वेळ झाली. मी खाटेवरून उठले, पाय टेकला आणि खाटेचा खूर धरला. चार पावलं तशीच गेले. मला वाटलं तिचं लक्ष नाही.

"कधीपासून?" ती म्हणाली.

"काय कधीपासून?"

"सकाळी पहिल्या पावलाला जास्त? बसून उठलं की परत? चाललं की थांबतं, आणि दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी टाच जळजळते?"

मी मान डोलावली.

तिनं माझा पाय बघितलासुद्धा नाही. सूज आहे का, काटा आहे का, काही नाही. खाली बस म्हणाली, माझा पाय मांडीवर घेतला, टाचेच्या आतल्या बाजूला जिथून खळगा सुरू होतो तिथं अंगठ्यानं दाबलं. मी ओरडले. "हांऽ, तिथंच," म्हणाली, जशी हरवलेली सुई सापडावी. मग तिनं स्वतःचा पदर माझ्या पायाच्या बोटांमागून घातला आणि दोन्ही टोकं माझ्या हातात दिली. "असं ओढ. गुडघा ताठ. उठायच्या आधी, अंथरुणातच. वीस आकडे म्हण. मग पाय खाली ठेव. आणि उघड्या पायानं फरशीवर उभी राहू नको. मऊ चप्पल घाल घरात, लाज सोड. मी हे करता करताच शिकले. वर्षभर लागलं. गेलं माझं."

"गेलं?"

"कधीच गेलं. लगेच जात नाही, पण जातं."

जाणारंच होतं ते. पुढं मी दवाखान्यात दाखवलं, तर डॉक्टर म्हणाला की टाचेपासून बोटांपर्यंत खालून एक शीर असते, ती ताणून ताणून सुजते, आत सुजते, बाहेरून काही दिसत नाही. त्यानं टॉवेलनं बोटं ओढायला सांगितलं, खाली मऊ घालायला सांगितलं. तिनं सांगितलं तेच. मी विचारलं, "एवढंच?" तो म्हणाला, "एवढंच आजी." तेव्हा मी आजी नव्हते झाले, पण तसं दिसत असेन.

त्या अंगणात माझा पाय तिच्या मांडीवर होता तेव्हा मला बोलायचं होतं. मी धरला होता तुझा पाय, असं काहीतरी. कार्डाचं सांगायचं होतं, ते तर तिला माहीतच नव्हतं. तेवढ्यात तिचा भाऊ बैल घेऊन आला आणि म्हणाला, पाहुणीला गाडी चुकेल. ती मला वेशीपर्यंत सोडायला आली. सरळ चालत होती. मी मागं पडत होते, तर माझ्यासाठी थांबत होती.

दोन वर्षांनी कळलं की कावीळ होऊन ती गेली. मी लिहायला घेतलेलं कार्ड तसंच राहिलं. पत्ता तेवढा लिहिला होता.

माझी टाच बरी झाली, वर्ष लागलं. ह्यात नवल काही नाही, किती बायकांना होतं हे. खात्यात माझ्या बाजूच्या चौघींना होतं, मी मग विचारत गेले तेव्हा कळलं. चौघींनी घरी सांगितलं नव्हतं.

माझं वय झालं, जास्त लिहिता येत नाही. हे वाचणाऱ्याला एकच विनंती आहे. तुमच्या घरात कुणी सकाळी उठताना भिंत धरत असेल आणि दारापर्यंत जाता जाता सरळ चालायला लागत असेल, तर तिची टाच बघू नका. तिथं काही दिसत नाही. तिला कधीपासून दुखतं ते विचारा, आणि ती सांगेल ते खरं धरा.